आडवी रेघ

दुकानदार म्हणतात 'डिस्कंटिन्यूड', आणि किंमत दुप्पट सांगतात.
मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते.
तिथे हा शब्द म्हणजे
रुग्णाच्या तक्त्यावर एक तिरकी काट,
खाली सही, तारीख, वेळ.
कारण लिहायला अर्धा इंच जागा.

पेनांच्या बाबतीत कारण कुणी लिहीत नाही.
ती बंद पडलेली नाहीत, बंद केलेली आहेत.
हा फरक मला मराठीतच नीट सांगता येतो.

माझ्याकडे बारा आहेत.
एक काळं, टोपणावर चांदीची जाळी.
एक सापाच्या कातीसारखं.
एक हिरवं, जुन्या औषधाच्या बाटलीचं हिरवं,
ज्यासाठी मी एका वर्षी कोटच घेतला नाही.
मखमलीच्या खाचांत सगळी कोरडी निजलेली.
शाई भरली की भाव उतरतो,
आणि मी ती कुणाला विकणार होते
कुणास ठाऊक.

हिरव्याची रबरी पिशवी आत विरघळून डांबर झाली,
म्हणून शनिवारी ब्रायटनहून बस धरली,
न्यूहेवनला डेरेक एकहर्स्टच्या गॅरेजात गेले.
एकतीस वर्षं त्यानं कारखान्यात निबांना टोक दिलं.
कारखाना गेला. दगड त्यानं घरी आणला.
बाहेर फ्रान्सची बोट भोंगा देत होती,
आत हीटरवर त्याचे मोजे वाळत होते.

त्यानं पेन नळाखाली धरलं.
आधी स्वच्छ पाणी, मग एकदम जांभळं.
कुणाची तरी अर्धी राहिलेली ओळ
इतकी वर्षं आत अडकून होती,
मी थांबा म्हणेपर्यंत मोरीतून गेली.
"बँकेतला असणार," तो म्हणाला,
आणि हात पुसले.

नवी पिशवी, लाख, चिमूटभर टाल्कम, चहा.
मग कागद सरकवला: "लिहा काहीतरी."
इथले लोक आपलं नाव लिहितात म्हणे,
नाहीतर आठच्या आकड्यांची साखळी.
माझ्या हातानं मला न विचारता
कागदाच्या माथ्यावर, बरोबर मधोमध, लिहिलं
श्री
आणि वरची रेघ ओढताना निब खरडलं.

तो वाकून बघत राहिला.
"लिहिलंत आणि खोडलंत का?"

नाही. ही खोडायची रेघ नाही.
हे आमच्या अक्षरांचं छप्पर आहे, म्हटलं.
इंग्रजीत ते फारच गोड ऐकू आलं,
म्हणून लगेच जोडलं:
शाळेत दिली नाही तर मार्क कापायचे.

त्यानं भिंग लावलं.
"हे उभ्या फटकाऱ्यासाठी घासलंय. आडव्याला अडतं.
घासून देईन. पण मग ते मूळचं राहणार नाही,
संग्रह करणारे हात लावणार नाहीत याला."

चहावर साय धरली होती.
घासा, म्हटलं.

दगडावर तो रेघा ओढत बसला,
मी सांगितल्या तशा, डावीकडून उजवीकडे,
मग कागदावर, मग पुन्हा दगडावर.
पान भरलं: छपरांखाली छपरं,
आणि एकाही छपराखाली घर नाही.
धातूचा कण किती उडाला, दिसलासुद्धा नाही.
पिशवीचे अठरा पौंड घेतले.
घासण्याचे नको म्हणाला,
ते आजच शिकलो.

परतीच्या बसमध्ये पावतीच्या पाठीवर
पुन्हा श्री काढली. खाली:
ती.
शि. सा. न. वि. वि.
आणि थांबले.
हे मायनेही बंद झाले की,
आणि तीर्थरूप म्हणावं असं
त्या पत्त्यावर आता कुणी राहत नाही.

मग त्याच्याच खाली:
कांदे, दूध, बल्ब (पिवळा, पांढरा नको).
रेघ लोण्यातून गेल्यासारखी गेली,
पीसहेवनच्या वळणावर थोडी वाकडी.
टोपण लावताना अंगठ्याला निळं लागलं.
सोमवारी तक्त्यावर काट मारताना
कुणीतरी विचारेल.